चाकावर बसण्याआधी

पेणच्या शाडूच्या गणेशमूर्ती साच्यात आणि हातानं घडतात. कुंभाराच्या चाकाला मात्र चिवट, लवचीक माती लागते. ती भरपूर मळून आतली हवा काढायची, मग फिरत्या चाकावर गोळा मध्यावर आणायचा. खरं कसब इथंच आहे: कोपर मांडीला टेकवा, जोर अंगाचा लावा. गोळ्याची डगमग थांबली की तळव्यांना लगेच कळतं; हा आनंद पहिल्या भांड्याहूनही मोठा. अलिबाग-मुरूडच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, भांडी फार सावकाश वाळतात. भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. भट्टीत १०० अंश सेल्सिअसला तिची वाफ होते आणि भांडं तडकतं, फुटतंसुद्धा. असं भांडं भट्टीत घालायची घाई करू नका.