झोळीतील सुखशयन : जागलीच्या शेतकऱ्यासाठी एक विचार

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात सांगितले आहे. यांपैकी आहाराविषयी आपण वैद्य रुग्णाला पुष्कळ प्रश्न विचारतो. निद्रेविषयी मात्र ‘झोप लागते का?’ एवढ्यावरच बहुधा थांबतो. रुग्ण कोठे झोपतो, कशावर झोपतो आणि झोपेत त्याचे शरीर कोणत्या स्थितीत असते, हे विचारण्याचा प्रघात कमी आहे. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात हा प्रश्न विचारणे अत्यंत अगत्याचे आहे, कारण येथील अनेक शेतकरी वर्षातील कित्येक रात्री घराबाहेर, शेतावर काढतात.

घाटावरील चिखली-मेहकर असो वा घाटाखालील मलकापूर-नांदुरा, मक्याची कणसे भरू लागली की जागल सुरू होते आणि हरभरा-गहू घरी येईपर्यंत ती थोड्याफार अंतराने चालूच राहते. रोही आणि रानडुक्कर यांचे कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. त्यातच कित्येक ठिकाणी ओलितासाठी वीज रात्रीच येते. असा शेतकरी कोठे झोपतो? कोणी माळ्यावर, कोणी बाजेवर, तर पुष्कळसे धुऱ्यावर गोणपाट किंवा कडबा पसरून थेट जमिनीवर. बाज रोज वाहून नेता येत नाही आणि प्रत्येक शेतात माळा बांधणे परवडत नाही. म्हणून उरते ती भूमी.

भूमिशयन आणि शेत

भावप्रकाशात शय्येचे प्रकार सांगताना खट्वा त्रिदोषशामक, कापसाची गादी वातकफहर, भूशय्या बृंहण व वृष्य आणि लाकडी फळी वातकर म्हटली आहे. भूशय्येचा हा गुण निवाऱ्यातील कोरड्या, स्वच्छ भूमीचा आहे, असे आम्ही मानतो. ओल धरलेल्या काळ्या मातीच्या शेताला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

शिवाय एक प्राणघातक भय आहे, ते मण्याराचे. हा सर्प रात्री संचार करतो आणि त्याचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दंशस्थानी वेदना व सूज इतकी अल्प असते की पुष्कळांना दंश झाल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळणे व बोलणे कठीण होते आणि अखेर श्वास मंदावतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातील आहेत. जमिनीपासून उंच झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा नीट खोचून घेणे, हे या दंशापासून बचावाचे सर्वांत सोपे उपाय होत.

येथेच झोळीचा विचार पुढे येतो.

झोळीचे कुळ

झोळी आपल्याला परकी नाही. कापूस वेचणीला गेलेली माउली निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकरू निजवते, हे दृश्य आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. मोठ्या माणसाने झोळीत रात्र काढण्याची परंपरा मात्र अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांची आहे. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील लोक सुती जाळ्यांच्या झोळ्यांत निजत असल्याची त्याने नोंद केली. ‘हॅमॉक’ हा शब्द त्यांच्याच भाषेतून आला. ओली जमीन आणि सरपटणारे प्राणी यांपासून दूर राहण्याची सोय झोळीत होती. पुढे युरोपीय खलाशांनी ती जहाजांवर नेली. डोलत्या जहाजात झोळी स्वतःचा तोल राखते आणि दिवसा गुंडाळून ठेवता येते, हा तिचा विशेष लाभ त्यांना उमगला.

अलीकडे नायलॉनची हलकी हॅमॉक आपल्याकडेही सहज मिळते. गिर्यारोहण करणारी तरुण मंडळी ती वापरतात आणि काही शेतकऱ्यांनीही ती शेतावर नेली आहे. परंतु ‘एक रात्र झोपलो आणि कंबर धरली’ असे सांगून ती पुन्हा पिशवीत घालणारेही पुष्कळ आहेत. हा दोष झोळीचा की बांधण्याचा, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

ताण आणि उतार

नवखा माणूस झोळी बाजेसारखी सपाट व्हावी म्हणून ताणून बांधतो. त्याला वाटते, जितकी ताठ तितकी सुखाची. प्रत्यक्षात उलट घडते. ताणलेल्या झोळीत दोन्ही कडा आत दाबल्या जातात, खांदे आवळले जातात आणि शरीराच्या भाराने मध्यभागी खोल खळगा पडतो. निजणारा त्यात धनुष्यासारखा वाकतो. ही स्थिती शयनाची राहत नाही, बसल्या बसल्या पेंगण्याची होते. चरकाचार्यांनी अशा आसीन प्रचलायिताला रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही असे म्हटले आहे. दुपारच्या डुलकीला ते ठीक, पण रात्रीच्या निद्रेची गरज त्याने भागत नाही.

दोरीवर पडणारा भारही ध्यानात घ्यावा. ६० किलो वजनाच्या माणसाची झोळी दोन्ही बाजूंनी ३० अंशांच्या उताराने बांधली, तर प्रत्येक दोरीवर सुमारे ६० किलोचा ताण येतो. उतार १५ अंश ठेवला तर तो ११६ किलोच्या आसपास जातो आणि ५ अंशांवर सुमारे ३४४ किलो होतो. दोरी तुटणे, फांदी मोडणे हे अपघात अशा अतिताणातूनच संभवतात.

३० अंशांचा उतार शेतात मोजण्याची रीत सोपी आहे. झोळीत माणूस बसल्यावर, झाडावरील गाठीपासून दोरीवर दोन हात मोजावे. तो बिंदू गाठीच्या पातळीपेक्षा एक हात खाली असला, की उतार योग्य झाला.

बांधण्याची रीत

झोळीचे कापड किमान १० फूट लांब असावे. आखूड झोळीत कोणत्याही युक्तीने सरळ निजता येत नाही. घरी करावयाची असेल तर नवे, जाड मांजरपाट दुहेरी घ्यावे. जीर्ण लुगडे मोठ्या माणसाच्या भाराला वापरू नये. दोन झाडांत सुमारे १४ फूट अंतर असेल, तर गाठ साधारण ६ फूट उंचीवर येते आणि बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून दीड फूट राहतो. यापेक्षा उंच बांधल्यास पडण्याचे भय वाढते, तर खाली बांधल्यास उंच निजण्याचा हेतूच फसतो. अंथरूण-पांघरुणाची टोके जमिनीला लोंबू देऊ नयेत.

झाडाला बारीक दोरी न गुंडाळता बाजेची रुंद नवार वापरावी, म्हणजे साल कापली जात नाही व गाठ सरकत नाही. निंब, आंबा, चिंच यांचे जाड, जिवंत खोड उत्तम. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, ते टाळावे. वाळलेले झाड, विजेचा खांब आणि सुट्या विटांचा खांब यांना झोळी कदापि बांधू नये.

निजण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. झोळीच्या मध्यरेषेवर सरळ निजू नये, तिरपे निजावे. प्रथम मध्यभागी बसून पाठ टेकावी. नंतर डोके मध्यरेषेच्या एका बाजूस आणि पाय दुसऱ्या बाजूस सरकवावे. असे केल्याने कापड शरीराखाली पसरते, खळगा उथळ होतो आणि पाठीचा कणा जवळजवळ सरळ राहतो. झोळी मात्र सैल बांधलेली हवी, कारण ताठ झोळीत तिरपे होण्यास जागाच उरत नाही. सैलपणा व तिरपेपणा या दोन गोष्टी साधल्या की झोळीतील सुखशयनाचा बहुतांश भाग साधला.

पायाकडील टोक डोक्याकडील टोकापेक्षा वीतभर उंच बांधावे, नाही तर शरीर रात्रभर पायाकडे घसरत राहते. गुडघे उलट ताणले जात असतील तर त्यांखाली घडी केलेली चादर ठेवावी. उशी लहान घ्यावी. मोठ्या उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि मान धरते.

पौष-माघात घाटावरच्या थंडीत झोळीत निजणाऱ्याला पाठीकडून गारठा लागतो. बाजेवरही असे घडते, पण झोळीत ते अधिक जाणवते. शरीराच्या भाराने पाठीखालचे कापड दबते, त्यातील हवेचा थर नाहीसा होतो आणि खालून वारा वाहतो. पांघरूण वाढवून हा वातप्रकोप आवरत नाही. जाड गोधडी किंवा घोंगडी पाठीखाली हवी. तीच गोधडी झोळीच्या बाहेरून, तळाशी सैलसर लटकवून बांधली, तर ती दबत नाही आणि ऊब अधिक राहते.

अभ्यासक्रम

नवी शय्या एका रात्रीत सात्म्य होत नाही. पहिली रात्रच जागलीची धरू नये. ग्रीष्मात दिवास्वापाला शास्त्राची अनुज्ञा आहे. म्हणून वैशाख-ज्येष्ठात निंबाच्या सावलीत दुपारी अर्धा घटका निजून आरंभ करावा, कूस बदलण्याची सवय करावी, मग एखादी पूर्ण रात्र. सकाळी कंबर, मान व गुडघे यांची तपासणी करावी आणि कोठे दुखते त्यानुसार उतार, उशी किंवा पायाकडील उंची बदलावी.

झोक्याने झोप येते, हा आईचा अनुभव प्रयोगशाळेतही तपासला गेला आहे. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०११ मध्ये १२ पुरुषांना दुपारी हळुवार हलणाऱ्या शय्येवर निजवले, तेव्हा निद्रा लवकर लागली व गाढही झाली. २०१९ मध्ये १८ निरोगी व्यक्तींवर रात्रभराचा असाच प्रयोग झाला आणि अनुकूल परिणाम दिसले. त्या शय्येचे एक आंदोलन ४ सेकंदांचे, म्हणजे अत्यंत संथ होते. झोळीचा झोका याहून जलद असतो व लवकर थांबतो. म्हणून जोराने झोका घेऊ नये. हलकासा डोल पुरे.

निषेध

झोळी सर्वांसाठी नाही. गृध्रसी, तीव्र कटिशूल, भ्रम असणारे, गर्भिणी, अतिवृद्ध आणि मद्यप्राशन केलेले यांना ती वर्ज्य समजावी. तान्ह्या बालकाला मोठ्या माणसाच्या नायलॉन झोळीत कधीही निजवू नये. त्या खळग्यात हनुवटी छातीला टेकून किंवा तोंड कापडाने झाकले जाऊन श्वास कोंडतो. तान्ह्याची निद्रा सपाट, दृढ शय्येवर, उताणीच असावी. शेतात लुगड्याच्या झोळीला पर्याय नसेल, तेव्हा बालकाचे तोंड उघडे राहील, पाय आवळले जाणार नाहीत आणि कोणाची तरी दृष्टी सतत राहील, एवढे तरी मातेला आवर्जून सांगावे.

विजा कडाडत असतील तर झाडाखालील झोळी सोडून पक्क्या निवाऱ्यात जावे. ज्ञानगंगा व अंबाबरवा अभयारण्यांलगतच्या शेतांत अस्वल-बिबट्याचा वावर असतो. तेथे दीड फुटावरील झोळी हे संरक्षण नव्हे, मजबूत माळाच हवा. मण्यारापासूनही झोळीने भय कमी होते, पूर्णपणे टळत नाही. म्हणून मच्छरदाणी आणि उतरताना विजेरी ही झोळीचीच अंगे मानावीत. शेतावर निजलेला माणूस पहाटे पोटदुखी किंवा जड पापण्यांची तक्रार घेऊन आला, तर अंगावर दंशाची खूण नसली तरी त्याला चूर्ण-काढा देण्यात क्षणही न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. शय्या कितीही सुखाची केली तरी जागल ती जागलच. रात्रीजागरणाने रूक्षता वाढते आणि वात कुपित होतो. अष्टांगहृदयात सांगितल्याप्रमाणे जितका काळ जागरण घडले त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता निजावे, हे शेतकऱ्याला व त्याच्या घरच्यांनाही सांगावे, कारण सकाळी निजलेल्या कर्त्या माणसाला आळशी ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. पादाभ्यंग आणि शिरोभ्यंग घरच्या तेलाने सहज होतात. गावातील दोघा-तिघांनी पाळी लावून जागल केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काही अखंड रात्री येतात.

येत्या हंगामात कटिशूलाचा वा अग्निमांद्याचा रुग्ण आला, तर वैद्यबंधूंनी त्याला आधी एवढेच विचारावे : रात्री कोठे निजता, आणि कशावर?