नांत : बुजवलेल्या नदीचे शहर

फ्रान्सच्या पश्चिमेला असलेल्या नांत शहरात एक नंबरची ट्राम कॉमर्स थांब्याच्या आसपास ज्या जमिनीवरून धावते, तिथे शंभर वर्षांपूर्वी नदी होती. धक्क्याला लागलेली गलबते होती, मासळीबाजार होता, कपडे धुणाऱ्या बायका होत्या. तिथून दोन पावलांवर ‘फेदो बेट’ नावाची वस्ती आहे. पत्त्यात, नकाशात आणि लोकांच्या बोलण्यात ते आजही बेटच आहे, पण त्याच्याभोवती पाणी कुठेच नाही. एका बाजूला हिरवळ, दुसऱ्या बाजूला ट्रामचे रूळ आणि मधे जुन्या दगडी हवेल्यांची रांग. त्यातल्या काही इतक्या कलल्या आहेत की खिडक्यांच्या चौकटी डोळ्यांना तिरप्या दिसतात. वाळूच्या बेटावर लाकडी खांब ठोकून त्यांवर चढवलेले हे इमले पुढे असमान खचत गेले.

लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, सुमारे हजार किलोमीटरची. अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी पन्नासेक किलोमीटरवर तिला उत्तरेकडून एर्द्र आणि दक्षिणेकडून सेव्र या नद्या येऊन मिळतात. इथे लुआरचे पात्र फुटून अनेक फाटे आणि बेटे तयार झाली होती. समुद्राची भरती इथवर पोचते. म्हणजे समुद्रावरचे जहाज आत येऊ शकते आणि देशाच्या आतल्या भागातली होडी खाली उतरू शकते. शिवाय बेटाबेटांवरून पूल टाकत नदी ओलांडताही येते. अशा जागी शहर उभे राहणारच. रोमनांच्या आधीपासून इथे नामनेत नावाची गॉल जमात राहत होती. शहराचे नाव तिच्यावरूनच पडले.

मध्ययुगात हे ब्रिटनीच्या ड्यूकांचे गाव होते. दुसऱ्या फ्रान्स्वाने 1466 पासून नव्याने बांधायला घेतलेला किल्ला आजही शहराच्या मधोमध आहे. त्याची मुलगी आन याच शहरात 1477 साली जन्मली. तिने फ्रान्सच्या एकापाठोपाठ दोन राजांशी लग्न केले आणि तिच्या मागे, 1532 साली, ब्रिटनी कायमची फ्रान्सला जोडली गेली. 1598 मध्ये चौथ्या हेन्रीने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारे फर्मान काढले, तेही याच शहराच्या नावाने ओळखले जाते. चौदाव्या लुईने ते 1685 साली रद्द केले. शाळेच्या इतिहासात नांत भेटते ते एवढ्यापुरतेच. या शहराचा खरा इतिहास मात्र किल्ल्यापेक्षा धक्क्यावर जास्त घडला, आणि तो सांगायला शहराला फार वेळ लागला.

अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधले गुलामांच्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. सतराशेहून अधिक मोहिमा इथून निघाल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची, कॅरिबियन बेटांवर, विशेषतः सँ-दोमँगला म्हणजे आजच्या हैतीला, ती विकायची आणि साखर, कॉफी, नीळ, कापूस भरून परत यायचे. फ्रेंच जहाजांनी अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या नांतच्या जहाजांतून गेली. ही संख्या पाच लाखांच्या वर भरते. फेदो बेटावरच्या हवेल्या त्याच पैशातून उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडक्यांवर आणि दारांवर दगडात कोरलेले मुखवटे आहेत. त्यांत समुद्रदेव आहेत, वारे आहेत आणि आफ्रिकी चेहरेही आहेत.

आफ्रिकेकडे निघालेल्या या जहाजांत काय भरलेले असे, हा प्रश्न आपल्याला थेट भिडणारा आहे. दारू, बंदुका, लोखंड होतेच. पण मालाचा मोठा हिस्सा कापडाचा असे आणि त्यात हिंदुस्थानातल्या सुती कापडाला, चिटांना, फार मागणी होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे व्यापारी पक्का रंग आणि विणीचा पोत पारखून घेत. फ्रेंच सरकारने स्वदेशी रेशीम व लोकर व्यवसायाच्या रक्षणासाठी 1686 पासून 1759 पर्यंत छापील सुती कापडावर देशात बंदी घातली होती. परदेशी पाठवायच्या मालाला मात्र ती लागू नव्हती. त्यामुळे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने आणलेले जे कापड फ्रान्समधल्या बाईला अंगावर घालण्याची मनाई होती, तेच नांतहून गिनीच्या किनाऱ्याला बिनदिक्कत जाई. बंदी उठल्यावर नांतमध्येच छपाईचे कारखाने निघाले आणि हिंदुस्थानी नमुन्यांच्या धर्तीवर माल काढू लागले. त्या कापडाला फ्रेंचमध्ये ‘अँदिएन’ म्हणत. मालदीवच्या कवड्याही हिंदी महासागरातून युरोपला येत आणि तिथून आफ्रिकेत जाऊन माणसांच्या किमतीत मोजल्या जात. आपल्या विणकरांना आणि रंगाऱ्यांना त्यांच्या कापडाचा हा शेवटचा मुक्काम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज आपल्याला तो ठाऊक असला पाहिजे, असे मला वाटते.

किल्ल्यातल्या संग्रहालयात ‘मारी-सेराफिक’ या जहाजाची जलरंगातली चित्रे आहेत. एका चित्रात जहाजाचा उभा-आडवा छेद दाखवला आहे. तळाशी नीट मांडलेली पिंपे आणि वरच्या मजल्यावर दाटीवाटीने निजवलेली माणसे. सोबतच्या मजकुरात आकडा आहे : 307. दुसऱ्या चित्रात सँ-दोमँगमधल्या काप-फ्रान्से बंदरात विक्रीचा पहिला दिवस रंगवला आहे. डेकच्या मागच्या भागात नटूनथटून आलेले स्त्री-पुरुष खाण्यापिण्यात दंग आहेत. अडसराच्या पलीकडे, पुढच्या भागात, विकायची माणसे आहेत. चित्रकाराने सगळे अगदी मन लावून, कौतुकाने काढले आहे. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटलेले नाही, आणि म्हणूनच या चित्रासमोर उभे राहणे जड जाते.

क्रांतीच्या काळात तर लुआर स्वतःच वधस्थान झाली. 1793-94 च्या हिवाळ्यात सरकारने पाठवलेल्या कारिएने हजारो कैद्यांना नावांत कोंडून नदीत बुडवले. पुढे त्यालाही गिलोटिनवर चढवण्यात आले.

फ्रान्सने गुलामगिरी अखेरची रद्द केली ती 1848 साली. नांतमध्ये साखर राहिली, बंदर राहिले, कारखाने वाढले. लफेव्र-युतील घराण्याने 1886 मध्ये ‘पती-बर’ बिस्किट काढले, ते फ्रान्सभर गेले. जहाजे मोठी होत गेली आणि गाळाने भरणारी नदी त्यांना पुरेना. मग मुख्य पात्र खोल खणले गेले. त्याने ओहोटीची पातळी खाली गेली, बाजूचे फाटे कोरडे पडू लागले आणि तिथे चिखल व दुर्गंधी उरली. सतत पाण्याखाली असेपर्यंत टिकलेले लाकडी खांब हवा लागताच कुजू लागले. त्यात वाढत्या रहदारीला रस्ते हवे होते. शेवटी 1926 पासून वीसेक वर्षांत लुआरचे उत्तरेकडचे फाटे बुजवण्यात आले, एर्द्र बोगद्यात वळवण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या भरपाईपोटी जर्मनीकडून या कामाचा काही भाग करून घेतला गेला. एर्द्रच्या जुन्या पात्रावर आज रुंद हमरस्ता आहे. ‘पन्नास ओलीस’ हे त्याचे नाव. ऑक्टोबर 1941 मध्ये नांतमधला जर्मन लष्करी अधिकारी मारला गेला, त्याच्या बदल्यात प्रत्यक्षात 48 ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांची ही आठवण. सतरा वर्षांचा गी मोके त्यांतलाच.

या माणसांचे नाव शहराने लगेच रस्त्याला दिले. गुलामांच्या व्यापाराबद्दल मात्र ते दीर्घकाळ गप्प राहिले. 1985 साली स्मरणकार्यक्रमाला महापालिकेने पाठिंबा नाकारला. पण इतिहासकार, शिक्षक आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांच्या संघटना मागे हटल्या नाहीत. 1992 साली किल्ल्यात ‘स्मृतीच्या बेड्या’ हे मोठे प्रदर्शन भरले. 1998 साली धक्क्यावर बसवलेला गुलामीमुक्तीचा पुतळा काही दिवसांतच कोणीतरी तोडला, आणि कायमस्वरूपी स्मारकाच्या मागणीने जोर धरला. ते 2012 साली खुले झाले. वर धक्क्यावर काचेच्या दोन हजार पट्ट्या जमिनीत बसवल्या आहेत. बहुतेकांवर गुलामांच्या मोहिमांवर गेलेल्या जहाजांची नावे आहेत. काही नावे देवादिकांची, काही कोवळ्या मुलींची. खाली नदीला लागून लांबलचक मार्गिका आहे आणि तिच्या फटींतून लुआरचे पाणी दिसते.

नदीच्या पलीकडे, जहाजबांधणीचे कारखाने 1987 मध्ये बंद पडले त्या बेटावर, 2007 पासून बारा मीटर उंचीचा लाकूड आणि पोलादाचा हत्ती पाठीवर माणसे घेऊन चालतो. भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांच्या घरात आलेला ज्यूल व्हर्न 1828 साली याच नांतमध्ये, फेदो बेटावर जन्मला. त्याच्या 1880 च्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उत्तर हिंदुस्थानातून फिरतो, आणि त्या कथेचे मध्यवर्ती वैर आहे नानासाहेब पेशव्यांशी. व्हर्नने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्याचे नानासाहेब इंग्रजी वर्तमानपत्रांनी घडवलेले, सुडाने पेटलेले आहेत. कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेला, बिठूरला वाढलेला माणूस त्यांत शोधूनही सापडत नाही. यंत्राचा हत्ती पाहायला येणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नसेल, पण आपल्याकडून तिथे जाणाऱ्याने ते जाणून जावे.

गुलामांच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या जहाजमालकांची नावे शहरातल्या काही रस्त्यांना आजही आहेत. ती बदला, अशी मागणी झाली. महापालिकेने नावे ठेवली आणि जोडीला माहितीच्या पाट्या लावायला सुरुवात केली : हा कोण होता, त्याचा पैसा कुठून आला. मला हा निर्णय पटतो, कारण नाव पुसले असते तर हा प्रश्नच त्या रस्त्यावर कोणाला पडला नसता.