एक बाई, एक क्रमांक

गटाचा हिशेब संगणकावर घेताना आपण एकच लांबलचक तक्ता आखतो. त्यात दर महिन्याला तीच नावं पुन्हा लिहितो. एकदा 'सुनीता', एकदा 'सुनिता' झालं, की संगणकाला त्या दोन बायका वाटतात. आणि गटात खरंच दोन सुनीता असल्या, तर एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढतो.

म्हणून वेगवेगळे तक्ते करा. पहिला सदस्यांचा: क्रमांक, नाव, फोन. प्रत्येकीची एकच ओळ. तिचा क्रमांक दुसरीला कधीच द्यायचा नाही, ती गट सोडून गेली तरी. दुसरा बचतीचा: सदस्य क्रमांक, तारीख, रक्कम. तिसरा कर्जाचा: कर्ज क्रमांक, सदस्य क्रमांक, तारीख, रक्कम. चौथा हप्त्यांचा: कर्ज क्रमांक, तारीख, रक्कम. एकीची दोन कर्जं असली, तरी हप्ता कुठल्या कर्जाचा ते कळतं.

क्रमांकाने तक्ते जोडण्याची ही रीत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. जोडणीचा नियम घातला, की यादीत नसलेल्या क्रमांकाची नोंद संगणक घेतच नाही. रकमेच्या रकान्यात फक्त आकडे ठेवा, '५०० रु.' लिहिलं तर बेरीज चुकते.

पुढच्या बैठकीत हे तक्ते आधी कागदावर आखा, सगळींना वाचून दाखवा, मगच संगणक उघडा.