स्पंज शंभराचा की हजाराचा?

लग्नसराई जवळ आली, की कटलरीच्या दुकानात अंड्याच्या आकाराचे गुलाबी, जांभळे मेकअप स्पंज दिसू लागतात. कुठे शंभराच्या आत, कुठे दोन-तीनशेला, आणि मूळ कंपनीचाच हवा म्हटलं तर हजाराच्या वर! दिसायला सगळे सारखेच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

मैत्रिणींनो, या स्पंजचं माहेर हॉलिवूड! तिथल्या मेकअप आर्टिस्ट रिया ॲन सिल्वा यांना एचडी कॅमेऱ्यासमोर फाउंडेशनच्या रेघा दिसायला नको होत्या. म्हणून त्यांनी साध्या स्पंजचे कोपरे कापून तो गोलसर केला. त्यातून २००३ मध्ये 'ब्यूटीब्लेंडर' आला. बाकीच्या कंपन्यांनी मग तोच आकार उचलला.

खरा फरक आहे तो फोमचा. चांगला स्पंज पाण्यात भिजवला की टम्म फुगतो आणि पावासारखा मऊ होतो. त्याची छिद्रं पाण्याने आधीच भरलेली असल्याने तो फाउंडेशन कमी पितो आणि चेहऱ्यावर थर पातळ बसतो. स्वस्तातले बरेच स्पंज फुगतच नाहीत, कडक राहतात आणि निम्मं फाउंडेशन स्वतःच गट्ट करतात! पण मधल्या किमतीतही छान स्पंज मिळतात. घेताना बोटाने दाबून पाहा, लगेच मूळ आकारात यायला हवा. उग्र वास नको. घरी आणल्यावर धुताना रंग जात असेल, तर तो चेहऱ्याला लावूच नका.

आता महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये वापरातल्या मेकअपच्या वस्तू तपासल्या. सगळ्यात जास्त जंतू सापडले ते या स्पंजमध्येच. त्यातले ९३ टक्के स्पंज कधी धुतलेलेच नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही तसेच वापरले गेले होते! ओला स्पंज डबीत बंद करून ठेवला, की जंतूंची चंगळच. पुरळ, फोड यायला आणखी काय लागतं?

म्हणून वापर झाला की सौम्य साबण किंवा बेबी शाम्पू लावून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मुरगाळू नका, दाबून पाणी काढा. हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. साधारण तीन महिन्यांनी बदला, चिरला किंवा वास येऊ लागला तर त्याआधीच.

आता हिशोब करा. अडीचशेचा स्पंज वर्षातून चारदा बदलला तर हजार रुपये होतात. हजाराचा मात्र 'एवढे पैसे मोजलेत' म्हणून दोन-दोन वर्षं टाकवत नाही, आणि घात होतो तो तिथेच. वेळेवर फेकून देताना जीव हळहळणार नाही, एवढ्याच किमतीचा घ्या.

आणि हो, लग्नाच्या मेकअपसाठी पार्लरमध्ये जाताना स्वतःचा नवा स्पंज पर्समध्ये टाका. 'ताई, माझा हाच वापरा हं,' असं सांगायला संकोच कसला? चेहरा आपलाच आहे ना!