उसातला बिबट्या आणि गावातली बातमी

दिवाळीच्या सुमाराला दौंड तालुक्यातल्या पाटसच्या शिवारात ऊसतोडीचे कोयते येतात. भीमा कारखान्याच्या पट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या फडाच्या कडेला कोप्या घालतात. पहिल्या सऱ्या आडव्या होऊ लागल्या की प्रश्न निघतोच: या फडात बिबट्या आहे का?

प्रश्न रास्त आहे. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिने उभा असतो. पाणी, आडोसा आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? मादी उसातच विते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले.

त्यांचाच 2011चा अभ्यास आपल्याला जास्त जवळचा. 2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबटे पकडून लांब सोडण्याचा सपाटा लागला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, नंतर ते सतरापर्यंत गेले. अनोळखी रानात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरं जनावर घेतं. दौंडशेजारचा शिरूर तालुका याच वनविभागात येतो. तरी हा निष्कर्ष शिरूरच्या किती ग्रामसभांमध्ये मराठीत वाचला गेला असेल?

संशोधन लोकांपर्यंत नेण्याचा एक प्रयोग मुंबईत झाला. 2011 साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनखातं, अभ्यासक आणि शहरातले स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी उद्यानालगतच्या वस्त्यांत बैठका घेतल्याच, शिवाय पत्रकारांच्या कार्यशाळाही घेतल्या. पुढे संशोधकांनी कार्यशाळांच्या आधीच्या आणि नंतरच्या बातम्या ताडून पाहिल्या. 2017च्या त्या निबंधानुसार भीती पेरणाऱ्या बातम्यांची जागा समजुतीच्या बातम्या घेऊ लागल्या होत्या.

दौंडला अशा समजुतीची गरज किती, ते कडेठाणने दाखवलं. डिसेंबर 2024 मध्ये तिथे उसाच्या शेतात एका महिलेचा मृतदेह सापडला आणि बिबट्याचा हल्ला म्हणून बातमी पसरली. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात बिबट्याचा संबंध आढळला नाही आणि पोलिसांचा तपास खुनाकडे वळला.

पण म्हणून भीती खोटी ठरत नाही. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुलं. लोक रस्त्यावर उतरले. त्यांना त्या दिवशी सहजीवनाचा उपदेश करणं क्रूर ठरलं असतं. माहिती पोचवायची तर दुःख येण्याआधी, आणि आपल्यातल्याच माणसाने.

माझ्या मते ऊसतोड टोळीसाठी तो माणूस म्हणजे तिचा मुकादम. टोळी कुठे उतरली, कोप्यांत मुलं किती, पहाटे तोडीला कोण जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आईबाप फडात असताना मुलं एकटी राहू नयेत, अंधारात कुणी खाली वाकून बसू नये, कोप्यांजवळ रात्रभर उजेड असावा, हे त्याने सांगितलं तर टोळी ऐकते. पिल्लं सापडली तर हात न लावता तोड थांबवायची आणि वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवायचं. पिल्लं जागीच राहिली तर मादी बहुधा अंधार पडल्यावर उचलून नेते. गोठा बंदिस्त करण्याची गोष्ट मात्र दूध डेअरीवर सांगावी. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे येतं.

उलट दिशेचं बोलणंही हवं. ठसे कुठे दिसले, कुत्री कोणत्या वस्तीवरून नाहीशी झाली, याची नोंद गावाने ठेवली तर अभ्यासकाला कॅमेरा कुठे लावायचा ते कळेल आणि वनखात्याला गस्त कुठे घालायची तेही.

शिवाय विजेचं काय? थ्री फेज रात्रीची येणार असेल तर शेतकरी दारे धरायला अंधारातच जाणार. त्याला जपून जा म्हणून भागत नाही. ग्रामसभेच्या ठरावात पिंजऱ्याच्या मागणीच्या आधी दिवसा विजेची मागणी लिहावी, आणि ती बिबट्यापासूनच्या सुरक्षेची मागणी म्हणूनच लिहावी.