ओंजळीपासून वाट्यापर्यंत

पाणी तहान भागवते, हे आपण सारेच जाणतो. परंतु आपल्या समाजात पाण्याने माणसाची पायरीही ठरवली. पाणवठा कोणी वापरायचा आणि कोणी रिकामी घागर घेऊन दुसऱ्याच्या दयेची वाट पाहायची, हे गावोगाव जातीवरून ठरत असे.

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही तो हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तो कृतीत उतरला. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरातील जातिभेदास मनाई केली.

स्पर्शाचा हक्क असा मिळाला. वाट्याचा प्रश्न मात्र उरला. कालव्याचे पाणी जमिनीमागे जाते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या वाट्याला पाण्याची पाळी येत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून वंचित कोणास ठेवले गेले, हे आपणांस सांगावयास नको.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर वाटले जाई: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास कमाल अडीच एकरांपुरते. अतोनात पाणी पिणाऱ्या उसाला त्यात स्थान नव्हते. विशेष म्हणजे भूमिहीनाचाही पाण्यावरील हक्क मान्य केला गेला. पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

म्हणून पाण्याचा न्याय केवळ धरणे बांधून साधत नाही. वाटपाचा निर्णय कोण घेतो, यावर तो अवलंबून असतो. आपल्या गावातील नळयोजना कोणत्या वस्तीपाशी संपते, उन्हाळ्यात टँकर प्रथम कोठे थांबतो, पाणीपुरवठा समितीत वस्तीतील स्त्रिया आहेत काय आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जाते काय, हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचे बळ शिक्षणाने आपणांस दिले आहे. ते वापरणे, हेच महाडच्या ओंजळीला खरे अभिवादन ठरेल.