२४० हर्ट्झचा मॉनिटर कसा पारखावा

मॉनिटरच्या खोक्यावरचा ‘२४० हर्ट्झ’ हा आकडा एवढंच सांगतो की या पडद्याला सेकंदाला २४० वेळा नवं चित्र दाखवता येतं. ते चित्र स्वच्छ उमटेल का, वेळेवर येईल का, आणि तुमचा संगणक तेवढी चित्रं तयार करून देईल का, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असे नेमबाजीचे खेळ चुरशीनं खेळणाऱ्याला या सगळ्याची उत्तरं लागतात, आणि ती घरच्या घरी मिळवता येतात. इथं उदाहरण म्हणून २४.५ इंची, फुल एचडी, २४० हर्ट्झचा पडदा घेऊ. मोठ्या स्पर्धांच्या मंचावर अनेक वर्षं याच मापाचे पडदे मांडलेले दिसतात, कारण खुर्ची पुढे ओढून बसलं तरी मान न हलवता अख्खा पडदा नजरेत राहतो.

आधी गणित. हर्ट्झ बाजूला ठेवून मिलिसेकंदांत विचार केला की बरंच धुकं निवळतं. ६० हर्ट्झवर एक फ्रेम पडद्यावर १६.६७ मिलिसेकंद राहते, १४४ वर ६.९४, २४० वर ४.१७ आणि ३६० वर २.७८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात तर प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जाताना वाचतात २.८, आणि त्यापुढच्या ३६० च्या उडीत फक्त १.४. किंमत मात्र याच्या उलट्या दिशेनं चढते. पहिली उडी कुणालाही, अगदी माउस फिरवतानाही जाणवते. दुसरी खेळताना जाणवते. तिसरी जाणवण्यासाठी बाकी सगळं चोख असावं लागतं.

माणसाला दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, मग तीन-चार मिलिसेकंदांनी काय बिघडतं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण ते २०० मिलिसेकंद समोरच्यालाही लागतातच. फरक पडतो तो त्यांच्या आधी किती वेळ वाया गेला याचा. त्याहून मोठा फायदा आणखी वेगळा आहे: हलणारी गोष्ट स्पष्ट दिसणं.

एलसीडी पडदा एक फ्रेम उमटवतो आणि पुढची येईपर्यंत ती जागच्या जागी धरून ठेवतो. आपला डोळा मात्र पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामागे सलग सरकत असतो. चित्र थांबलेलं आणि डोळा सरकणारा, म्हणून ते डोळ्याच्या पडद्यावर फरपटतं आणि धूसर दिसतं. पिक्सेल क्षणार्धात बदलले तरी हा धूसरपणा राहतोच, कारण तो फ्रेम धरून ठेवण्यातून येतो. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगानं सरकणारी आकृती ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल फरपटलेली दिसते, २४० हर्ट्झवर ४. लांबवर उभ्या असलेल्याचं डोकं पडद्यावर जेमतेम काही पिक्सेलांचं असतं, हे लक्षात घेतलं की या १६ आणि ४ मधल्या फरकाचं मोल कळतं.

हे गणित खरं ठरण्यासाठी प्रत्येक पिक्सेलनं आपला रंग ४.१७ मिलिसेकंदांच्या आत बदलून मोकळं व्हायला हवं. पुष्कळ मॉनिटर इथंच मार खातात. पॅनेलमधले द्रवस्फटिक वळायला वेळ घेतात. एखादा बदल पुरा व्हायला ८ मिलिसेकंद लागत असतील, तर तो होईपर्यंत पुढची फ्रेम येऊन जवळजवळ संपत आलेली असते. मग पळणाऱ्या आकृतीमागे आधीच्या फ्रेमचं भूत ओढलं जातं. जाहिरातीतला ‘१ मिलिसेकंद’ या बाबतीत फारसा उपयोगी नाही. तो बहुतेक वेळा सर्वांत वेगवान बदलाचा असतो, तोही सर्वांत आक्रमक सेटिंगवर मोजलेला, आणि बदलाचा पहिला १० टक्के व शेवटचा १० टक्के भाग वगळून. त्याच्याशेजारी ‘एमपीआरटी’ ही अक्षरं असतील तर तो आकडा पिक्सेलच्या वेगाचा नाहीच. सहसा तो मागचा दिवा उघडझाप करून मिळवलेला असतो, त्याबद्दल पुढे येईलच.

स्फटिकांना घाईनं वळवण्यासाठी मॉनिटर त्यांना थोडा वेळ गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. हा ओव्हरड्राइव्ह. मेनूत त्याची नावं कंपनीगणिक बदलतात: कुठे ‘रिस्पॉन्स टाइम’, कुठे ‘ट्रेस फ्री’, कुठे ‘एएमए’. झोपाळ्याला जोरात ढकललं की तो हव्या त्या जागी लवकर पोचतो, पण तिथं न थांबता पुढे जातो. पिक्सेलचंही तसंच होतं. हव्या त्या छटेच्या पलीकडे जाऊन तो परत येतो आणि आकृतीमागे काळपट भुताऐवजी उजळ किंवा विचित्र रंगाची कडा दिसू लागते. म्हणून मेनूतली शेवटची, सर्वांत वेगवान पायरी बहुधा वापरायच्या लायकीची नसते. मधल्या पायऱ्यांतली एखादी कामाची निघते, आणि ती कोणती हे स्वतः बघूनच ठरवावं लागतं.

बघायचं कसं? मॉनिटर किमान अर्धा तास चालू राहू द्या, कारण थंड पॅनेलमधले स्फटिक मंद असतात. थंडीच्या दिवसांत सकाळी चालू केल्या केल्या घेतलेली चाचणी मॉनिटरवर अन्याय करते. मग ब्राउझरमध्ये ब्लर बस्टर्सची टेस्टयूएफओ ही मोफत चाचणी उघडा. आधी तिथं दिसणारा दर खरोखर २४० आहे ना हे बघा, आणि सरकणाऱ्या उडत्या तबकडीवर नजर ठेवून तिच्याबरोबर डोळे फिरवा. ओव्हरड्राइव्हची एकेक पायरी बदलत जा. तबकडीमागचं भूत कमी होत जाईल आणि एका टप्प्यावर उजळ कडा दिसू लागेल. त्याच्या आधीची पायरी तुमची. फिकट, करडी आणि गडद, तिन्ही पार्श्वभूमींवर हे करून बघा, कारण पिक्सेलला सगळे बदल सारखे सोपे नसतात. व्हीए पॅनेल असेल तर गडद पार्श्वभूमी फार बारकाईनं बघा: काळ्यावरून गडद करड्यावर जायला या पॅनेलला कधी कधी अनेक फ्रेमचा वेळ लागतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेर येणारा खेळाडू काळ्या ओरखड्यासारखा दिसतो. सिनेमासाठी व्हीए सुंदर आहे. चुरशीच्या नेमबाजीसाठी स्वस्तातलं व्हीए मी कुणाला सुचवणार नाही.

त्याच ठिकाणी फ्रेम गळतात का याची चाचणीही आहे. पडद्यावरच्या जाळीतले चौकोन एकामागून एक उजळत जातात. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड निवडून एक्स्पोजर १/१० सेकंद ठेवा आणि फोटो काढा. २४० हर्ट्झवर साधारण २४ चौकोन ओळीनं उजळलेले दिसायला हवेत. मध्ये काळी फट दिसली तर मॉनिटर २४० चा दावा करून काही फ्रेम गाळतो आहे. मात्र त्याआधी ब्राउझरच अडखळत नाही ना याची खात्री करा.

आता ज्या चुका सर्रास होतात त्या. विंडोज पुष्कळदा नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन दर स्वतः २४० करावा लागतो. केबल मदरबोर्डला न जोडता ग्राफिक्स कार्डाला जोडा. अनेक मॉनिटरांचा एचडीएमआय पोर्ट पूर्ण दर देत नाही, म्हणून शक्यतो डिस्प्लेपोर्टच वापरा. काउंटर-स्ट्राइक ४:३ ताणून खेळत असाल तर त्या रिझोल्यूशनलाही २४० मिळतात ना हे वेगळं तपासा.

ओव्हरड्राइव्ह ठरला की खेळात शिरा आणि फ्रेमचा आकडा पडद्यावर लावा. सरासरीपेक्षा महत्त्वाचं असतं धुमश्चक्रीच्या क्षणी, धूर आणि स्फोटांच्या गर्दीत, आकडा किती खाली येतो ते. २४० च्या पडद्यावर तो १३० पर्यंत घसरत असेल तर त्या घटकेला तुम्ही १३० चाच पडदा बघता आहात. फुल एचडीवर या दोन्ही खेळांत अडसर बहुधा प्रोसेसरचा असतो, त्यामुळे फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून आकडा हलेलच असं नाही.

घसरणाऱ्या आकड्याशी पडद्याचा दर जुळवून घेणाऱ्या सोयी म्हणजे एनव्हिडियाची जी-सिंक, जी २०१३ मध्ये जाहीर झाली, आणि त्यानंतर आलेली एएमडीची फ्रीसिंक. त्यांनी चित्र मधोमध फाटणं थांबतं. पण एक मेख आहे. २४० साठी बसवलेला ओव्हरड्राइव्ह पडदा १२० वर उतरला की जास्त वेळ टिकतो आणि पुन्हा ती उजळ कडा उमटते. उतरत्या दराबरोबर ओव्हरड्राइव्हही बदलणारे मॉनिटर आहेत, पण सगळे तसे नाहीत. म्हणून फ्रेमची मर्यादा मुद्दाम १२० लावून पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासा. फ्रेम कायम २४० च्या वरच राहत असतील तर अनेक व्यावसायिक खेळाडू ही सोय बंदच ठेवतात. या वेगाला फाटलेलं चित्र फारसं खटकत नाही आणि थोडा उशीरही वाचतो.

मागचा दिवा उघडझाप करून धूसरपणा कमी करण्याच्या तंत्राला बेनक्यू झोवी ‘डायॲक’ म्हणते, एनव्हिडिया ‘यूएलएमबी’. दोन चित्रांच्या मधल्या वेळात दिवा बंद, म्हणजे डोळ्याला चित्राची फक्त एक झलक मिळते आणि फरपट होत नाही. बंदुकीच्या धक्क्यानं पडदा थरथरत असतानाही लक्ष्य ठळक दिसतं, हा त्याचा खरा उपयोग. बदल्यात उजेड कमी होतो, पडद्याच्या वरच्या-खालच्या कडेला दुहेरी प्रतिमा येऊ शकते, बहुतेक मॉनिटरांत जी-सिंक-फ्रीसिंक सोबत चालत नाही आणि काहींचं डोकं दुखतं. सलग दोन तास खेळून मगच मत बनवा.

राहिला उशीर, म्हणजे माउस दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंतचा काळ. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये माउस आणि पडदा दोन्ही एकत्र टिपा आणि दरम्यानच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. एका क्लिकवर विसंबू नका, वीसेक क्लिकची सरासरी घ्या. मिळणारा आकडा माउस, संगणक आणि मॉनिटर या सगळ्यांचा मिळून असतो. तेव्हा त्याच संगणकाला जुना मॉनिटर लावून तीच चाचणी करा. दोन आकड्यांतला फरक तेवढा मॉनिटरचा. चित्रणात सगळी खोली लुकलुकताना दिसली तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि कॅमेरा ते टिपतो.

ओएलईडीनं या हिशेबातला मधला भाग जवळजवळ पुसून टाकला आहे. तिथं पिक्सेल इतके झटपट बदलतात की भूत नाही आणि ओव्हरड्राइव्हची कसरतही नाही. २४० चा ओएलईडी पडदा त्याच दराच्या बहुतेक एलसीडींपेक्षा स्पष्ट दिसतो. पण दिवसभर तेच टास्कबार आणि तोच नकाशा एका जागी ठेवला तर कायमचा डाग पडण्याचा धोका राहतो, आणि किंमतही बरीच जास्त आहे. अभ्यास, नोकरी आणि खेळ एकाच पडद्यावर होत असेल तर मी अजून चांगल्या आयपीएस एलसीडीकडेच झुकेन.

यातली एकही चाचणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात उभ्या उभ्या होत नाही. तिथं झगमगीत डेमो व्हिडिओ चालू असतो आणि त्यावरून वेगाची पारख अशक्य असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी परत करायची मुदत किती दिवसांची आहे आणि मृत पिक्सेलबाबत कंपनीचा नियम काय आहे, हे लेखी घ्या. खोकं आणि थर्माकोल फेकू नका, आणि वरच्या चाचण्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका. तुमच्याकडे आज ६० हर्ट्झचा पडदा असेल तर १४४ किंवा १६५ चा चांगला मॉनिटर हीच सर्वांत फायद्याची खरेदी. १४४ चा आधीच असेल आणि ऐन गर्दीत खेळ १५० फ्रेमच्या खाली येत असेल, तर २४० च्या मॉनिटरचे पैसे आधी प्रोसेसरमध्ये घाला.